बाप्तिस्मा १८८३ साली, शांती १८९१ साली: पंडिता रमाबाईंची मधली आठ वर्षे

पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म केव्हा स्वीकारला, हे कोणतेही चरित्र सांगते: २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधील वाँटेज. त्यांना मनःशांती केव्हा लाभली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनीच त्याचे उत्तर दिले आहे: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशी त्यांची कबुली आहे.

हे समजायचे तर त्यांचे बालपण आठवावे लागते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पालथे घालीत, पुराणे सांगत, व्रते आणि दाने करीत देशभर हिंडले. पुण्य साठत गेले, अन्न संपत गेले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी पटकीने दगावले. वयाची चोविशी पुरी होण्याआधीच त्या विधवा झाल्या, कडेवर लहानगी मनोरमा.

इंग्लंडमध्ये त्यांना प्रथम स्पर्श केला तो सिद्धान्ताने नव्हे. लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. तेथेच ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या मनाला भिडली. पण ट्रिनिटी आणि ख्रिस्ताचे देवत्व यांवर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार कमालीचा कडक आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही या बाईंनी विचारले! उसनी शांती त्यांना नको होती.

१८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे पाद्री होता, आणि त्याचे खरे हृदयपरिवर्तन झाले ते व्यासपीठावर, स्वतःचेच प्रवचन करताना. रमाबाईंना त्यात स्वतःची अवस्था दिसली असावी. काहीही न कमावता, आहे तसे देवापुढे जाता येते, हे त्यांना आता पटले. जिचे बालपण पुण्य कमावण्यात गेले, तिच्यासाठी ही केवढी सुटका!

लाभलेली शांती वाटण्याची वेळ आली तेव्हा मात्र वादळ उठले. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास आलेले शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. त्यांची फसवणूक झाल्याची भावना मी खोटी म्हणणार नाही. उघडे दार हेही आमंत्रणच असते.

नंतर दुष्काळ आले, १८९६-९७चा मध्य प्रांतातला आणि १९००चा गुजरातेतला. स्वतः दुष्काळात पोळलेल्या रमाबाईंनी शेकडो अनाथ मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आणले. १९०५ साली तेथे प्रार्थनेची जी लाट उसळली, तिचे रूप शांत अजिबात नव्हते. मुली हुंदके देत, मोठमोठ्याने पापांची कबुली देत, तासन्‌तास प्रार्थना करीत; मग टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला जात. जिच्या हातची भाकरी खायची, तिच्या देवाला नाही म्हणणे पोरक्या पोरीला कितपत शक्य होते, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. पण त्याच मुली तेथे वाचायला, विणायला, शेती करायला आणि छापखाना चालवायला शिकल्या, हेही तितकेच खरे.

अखेरची कित्येक वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. भाषा मुद्दाम सोपी ठेवली, खेड्यातल्या बाईला वाचता यावी अशी. १९२१ साली मनोरमा वारली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः. १९२४ साली तो ग्रंथ बाहेर पडला तो केडगावच्याच छापखान्यातून. खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचे होते.