नवी कोंबडी, जुना रोग : 'राणीखेत'ची गोष्ट

१/१५
काही वर्षांपूर्वी आजीने आठवडी बाजारातून एक तलंग विकत आणली. दिसायला तजेलदार, तुरा लालभडक. त्याच संध्याकाळी ती घरच्या कोंबड्यांबरोबर खुराड्यात डालली गेली. पाचव्या दिवशी तिने पंख पाडले. दहा दिवसांत बारा कोंबड्यांपैकी दोनच उरल्या. आजी एकच शब्द बोलली : 'मानमोडी'. आजचा थ्रेड या रोगाच्या इतिहासावर.

२/१५
हा शब्द रोगाचे लक्षणच सांगतो. कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, अंडी घटतात किंवा पातळ कवचाची येतात. पुढे पाय-पंख लुळे पडतात आणि मान पिळल्यासारखी वाकडी होते. मराठी मुलखात १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही लोक 'मानमोडी'च म्हणत. माणसाच्या आणि कोंबडीच्या साथीला एकच नाव मिळावे, यातून तिची दहशत कळते.

३/१५
पशुवैद्यकाच्या पुस्तकांत मात्र या रोगाला लक्षणावरून नव्हे, तर गावावरून नाव मिळाले आहे. भारतात 'राणीखेत', उर्वरित जगात 'न्यूकॅसल'. एक कुमाऊँच्या डोंगरातील छावणीचे गाव, दुसरे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बंदर. एकाच रोगाला इतक्या दूरची दोन नावे कशी मिळाली?

४/१५
१९२६ साली न्यूकॅसल परिसरात कोंबड्या झपाट्याने मरू लागल्या. त्याच वर्षी जावा बेटावरही अशाच साथीची नोंद झाली. न्यूकॅसल हे बंदर असल्याने रोग पूर्वेकडून जहाजाने आला असावा, असा तर्क पुढे मांडला गेला. तो तर्कच राहिला. पण व्यापाराच्या वाटेने रोग प्रवास करतो, ही शंका तेव्हापासून पक्की झाली.

५/१५
तेव्हा कोंबड्यांची 'प्लेग' म्हणून ओळखली जाणारी एक साथ युरोपात परिचित होती. तो रोग म्हणजे आजचा बर्ड फ्लू. लक्षणे इतकी सारखी की हीच ती साथ, असे कोणालाही वाटावे. ब्रिटिश संशोधक डॉयल यांनी १९२७ साली दाखवून दिले, की न्यूकॅसलचा विषाणू त्याहून वेगळा आहे. नेमके नाव सापडेपर्यंत सोय म्हणून त्यांनी गावाचे नाव वापरले. ते कायमचे चिकटले.

६/१५
भारतात १९२७-२८च्या सुमारास राणीखेत येथे हीच साथ दिसली. जवळच मुक्तेश्वरला पशुरोग संशोधन संस्था होती. तेथील एडवर्ड्स यांनी तिची नोंद केली आणि आपल्याकडे 'राणीखेत' हे नाव रूढ झाले. या संस्थेचा आरंभ १८८९ साली पुण्यात झाला होता. १८९३ साली ती मुक्तेश्वरला हलवण्यात आली.

७/१५
आता मूळ प्रश्न. आजीची तलंग बाजारात निरोगी दिसत होती, मग रोग आला कोठून? विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते पंधरा दिवस जातात. बाजारातील व्यवहार पाच मिनिटांचा असतो. त्या पाच मिनिटांत सर्वांत अनुभवी डोळ्यालाही हा रोग दिसत नाही.

८/१५
माणसांच्या साथींनी हा धडा फार पूर्वी दिला होता. १३७७ साली एड्रियाटिक किनाऱ्यावरील दुब्रोवनिक नगराने, प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यांना शहराबाहेर ३० दिवस थांबण्याचा नियम केला. पुढे हा काळ ४० दिवसांचा झाला. 'क्वारंटाइन' हा शब्द इटालियन भाषेतील याच चाळिसावरून आला. आलेला मनुष्य आजारी आहे की नाही, हे ठरवण्याचे काम त्या नियमाने काळावर सोपवले.

९/१५
हा धडा विसरल्याची किंमत कॅलिफोर्नियाने मोजली. १९७१ साली तेथे या रोगाचा उग्र प्रकार शिरला. तो परदेशातून आणलेल्या पोपटांसारख्या शोभेच्या पक्ष्यांबरोबर आला होता. १९७३पर्यंत चाललेल्या मोहिमेत सुमारे १ कोटी २० लाख पक्षी नष्ट करावे लागले. हौसेने घरात आणलेल्या पाखराने एका प्रांताचा कुक्कुटव्यवसाय हादरवला.

१०/१५
भारतात लसीची वाट मुक्तेश्वरमधूनच निघाली. १९४०च्या दशकात विषाणूचा एक वाण कोंबडीच्या अंड्यांतील गर्भात पुन्हा पुन्हा वाढवून दुर्बल करण्यात आला आणि त्यापासून लस तयार झाली. मोठ्या कोंबड्यांना ती आजही टोचली जाते. लहान पिलांसाठी लासोटासारख्या सौम्य लसी आहेत. मात्र रोग शरीरात शिरल्यावर दिलेली लस त्या कोंबडीला वाचवेलच असे नाही.

११/१५
नाव ठाऊक असण्याचाही एक धोका असतो. २००६च्या आरंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. सुरुवातीला ही 'राणीखेत'च आहे, असे म्हटले जात होते. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीनंतर १८ फेब्रुवारीला जाहीर झाले : बर्ड फ्लू, आणि तोही भारतात प्रथमच. त्यानंतर लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

१२/१५
डॉयल यांच्यापुढे होता तोच पेच आठ दशकांनी उलट्या दिशेने उभा राहिला. तेव्हा नवा रोग जुन्या नावाखाली झाकला जाण्याची शक्यता होती. नवापुरात 'राणीखेत' हेच ते जुने नाव ठरले होते. कोंबडीकडे पाहून ती आजारी आहे हे कळते. कोणता रोग आहे, हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

१३/१५
आणि येथेच गरिबीचा प्रश्न येतो. खुराड्यात मर लागली की उरलेल्या कोंबड्या मिळेल त्या भावाने बाजारात विकल्या जातात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. घरच्या बाईची हाताशी असलेली ती एवढीच पुंजी असते आणि उद्या तिचे मोल शून्य होणार असते. पण तीच कोंबडी दुसऱ्या बाईच्या खुराड्यात 'नवी कोंबडी' म्हणून शिरते. आमच्या घरी आलेली तलंग बहुधा अशीच आली असावी.

१४/१५
म्हणून नावाची वाट न पाहता करण्याजोगे थोडके : नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवावी. तिचे दाणापाणी सर्वांत शेवटी करावे, भांडी वेगळी ठेवावीत, हातपाय धुवावेत. भूक, श्वास, विष्ठा, डोळे आणि मान रोज पाहावी. एकदम मर लागल्यास विक्री थांबवावी, मेलेल्या कोंबडीला उघड्या हातांनी स्पर्श करू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत.

१५/१५
आजी आता बाजारातून आणलेली कोंबडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली ठेवते. दुब्रोवनिकचे नाव तिने ऐकलेले नाही. 'पाहुणीला आधी ओसरीवर बसवावं,' एवढेच ती म्हणते. आपल्या भागात या रोगाला काय म्हणतात आणि नवी कोंबडी आणल्यावर घरात कोणती रीत पाळतात, ते जरूर लिहा. अशा नोंदी दफ्तरांत सापडत नाहीत.