देवीला साडी कोणी नेसवली?

डोळे मिटा आणि लक्ष्मी आठवा. कमळात उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळं, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती, मागे पाणी, अंगावर जरीकाठी साडी. बरोबर? आता गंमत बघा. तुम्ही सदाशिव पेठेत वाढलेले असा, नागपूरला असा किंवा न्यू जर्सीला एच-वनवर असा, बहुतेकांच्या डोक्यात साधारण हेच चित्र 'इन्स्टॉल' झालेलं असतं. शाळेत कोणी शिकवलेलं नसतं, पोथी कोणी वाचलेली नसते. तरी हीच लक्ष्मी.

या इन्स्टॉलेशनचं बरंचसं श्रेय एका छापखान्याला जातं. लोहगड-विसापूरच्या ट्रेकला जाताना आपण लोकलने ज्या मळवली स्टेशनवर उतरतो, त्या मळवलीला हा छापखाना होता. नाव: रवि वर्मा प्रेस. आजचा लेख या छापखान्याबद्दल आहे आणि त्याहून जास्त, तिथून चित्र घरी गेल्यावर त्याचं पुढे काय झालं त्याबद्दल आहे. पहिला भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. दुसऱ्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

तर आधी थोडा इतिहास.

राजा रवि वर्मा यांचा जन्म १८४८ सालचा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि नाव झालं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा चित्रं काढून घेतली. त्यासाठी रवि वर्मा आणि त्यांचे भाऊ देशभर फिरले. पुराणातल्या माणसांना कपडे कोणते घालायचे हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. उत्तर निघालं साडी. चित्रं राजवाड्यात टांगण्याआधी लोकांना बघायला ठेवली, तेव्हा बघणाऱ्यांची झुंबड उडाली.

इथे आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल अशी अडचण होती. मागणी प्रचंड, पण प्रॉडक्टची कॉपी एकच, तीही राजवाड्यात! यावर तोडगा सुचवला होता टी. माधवराव यांनी. हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, आधी त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण. १८८४ मध्ये त्यांनी रवि वर्मांना पत्रातून सल्ला दिला, की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्या. रवि वर्मांनी त्याच्या पुढची उडी मारली. १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून आणले. पहिल्या चित्राचा विषय होता शकुंतलेचा जन्म.

आता तंत्रज्ञान. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या, पण मला वाटतं तुम्हाला आवडेल.) शिळाछाप म्हणजे लिथोग्राफी ही बव्हेरियातल्या आलॉइस झेनेफेल्डर या नाटककाराने १७९६ च्या सुमारास शोधली. स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची होती, म्हणून! तत्त्व एवढंच: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग तेलकट शाई फिरवायची. ओल्या जागी शाई बसत नाही, खडूच्या रेषांवर बसते. वर कागद दाबला की छाप तयार. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. म्हणजे फोटोशॉपच्या लेयरसारखंच, फक्त इथला प्रत्येक लेयर चांगला वजनदार. एकेका चित्राला दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त दगड लागायचे, आणि कागद प्रत्येक वेळी केसाइतकाही न सरकता त्याच जागी बसायला हवा. शेवटी वरून वार्निश दिलं की तैलचित्राचा भास व्हायचा. म्हणून या छापांना ओलिओग्राफ म्हणतात.

म्हणजे लक्ष्मीच्या साडीतली एक चुणी उठून दिसायला कोणीतरी चार-पाच दगडांवर ती चुणी वेगवेगळी, उलटी काढलेली असायची. त्या माणसांची नावं चित्रावर नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रवि वर्मा या क्षेत्रातले पहिले नव्हेत हेही सांगून टाकतो. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्येच चित्रशाळा प्रेस सुरू झाला होता आणि तिथली देवादिकांची, पेशवाईतल्या माणसांची चित्रं घरोघर गेली होती. शिवाय खुद्द जर्मनीत छापलेले आपले देवही बाजारात येत होते. पण रवि वर्मांच्या देवी जरा वेगळ्या होत्या. त्या ओळखीच्या बाईसारख्या दिसत. पदर घेतलेल्या, साडी नेसलेल्या, समोर बघणाऱ्या.

धंदा म्हणून मात्र हा स्टार्ट-अप काही नीट चालला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळायला लागली. छापखाना आधी घाटकोपरला आणि १८९९ मध्ये मळवलीला हलवला. कर्ज वाढत गेलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच रवि वर्मांनी तो फ्रिट्झ श्लायखर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. १९०६ मध्ये रवि वर्मा गेले. श्लायखर बहुधा हिशेबाला पक्का असावा, कारण त्याने देवांच्या जोडीला लेबलं आणि जाहिरातींची छपाई घेतली आणि प्रेस पुढे बरीच वर्षं चालला. त्या काळात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक तरुणही काही दिवस या छापखान्यासाठी काम करून गेला. होय, तेच दादासाहेब. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधल्या राजा-राणीत मळवलीच्या चित्रांची छाया कोणाला दिसली, तर त्यात नवल नाही. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत छापखान्याचं मोठं नुकसान झालं आणि तो विषय संपला.

आता दुसरा भाग.

चित्र घरी आलं, चौकट झाली, भिंतीवर गेलं. इथपर्यंत ते 'सगळ्यांचं' चित्र होतं. शेजारच्या वाड्यातही तेच, कोल्हापुरातही तेच. आणि एक मोठीच गोष्ट, ज्यांना देवळाच्या पायरीशीच अडवलं जायचं, त्यांच्याही घरी आता तीच लक्ष्मी येऊ शकत होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. कागदावरच्या देवाने त्याच्या कितीतरी आधी उंबरे ओलांडले होते.

पण आपल्याकडे देव नुसता बघायचा नसतो. त्याला न्हाऊमाखू घालायचं, नेसवायचं, सजवायचं असतं. विठोबाला पोशाख असतो, देवीची साडी-चोळीने ओटी भरतात, भाद्रपदात गौरींच्या मुखवट्यांना घरातल्या बायका निऱ्या काढून साड्या नेसवतात. मग भिंतीवरच्या लक्ष्मीने काय घोडं मारलंय? म्हणून बायकांनी तिलाही नेसवलं. खरंच! छापील साडीवर बरोबर त्याच आकारात रेशमाचा तुकडा कापून बसवायचा, काठाला जर, पदराला कलाबतू, दागिन्यांच्या जागी बारीक मणी, मुकुटाला टिकल्या. चेहरा, हात आणि पाय तेवढे छापील राहायचे. वरून काच. दिव्याच्या उजेडात चित्र हलल्यासारखं दिसतं.

असे 'नेसवलेले' ओलिओग्राफ आज संग्राहकांकडे आणि प्रदर्शनांत दिसतात. काही कामं सराईत कारागिरांची वाटतात, काही सरळ सरळ घरची. घरचं काम ओळखू येतं. टाके एकसारखे नसतात, आणि कापड आधी दुसऱ्या कशाचं तरी असतं.

आमच्याकडे असं एक आहे.

गेल्या वर्षी आमचा पुण्यातला जुना वाडा रीडेव्हलपमेंटला गेला. त्याआधीचे तीन-चार शनिवार-रविवार सगळे चुलत-आते भाऊबहीण मिळून माळे उपसत होतो. पितळी डबे, पाटा-वरवंटा, काचनळ्यांची तोरणं, कुणाकुणाच्या रुखवतातली क्रोशाची कामं. लक्ष्मी माजघरातच होती. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला ती खाली उतरायची आणि पूजा झाली की परत वर. डाळिंबी रंगाचं रेशीम, जागोजागी विरलेलं.

जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ काकांनी बोलावले होते. त्यांनी चौकट उलटी केली, सुलटी केली, खालच्या कडेचं कापड जिथे सुटलं होतं तिथे बॅटरी मारली. 'रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' ही इंग्रजी अक्षरं दिसली. म्हणजे चित्र मळवलीच्या काळातलं, १८९९ नंतरचं. मग त्यांनी विचारलं, "काम कोणी केलंय हे? नाव-साल सांगता आलं, तर किंमत वेगळी होईल."

खोलीत आम्ही नऊ जण होतो. कोणाला सांगता येईना.

शेवटी आत्या म्हणाली, "अरे, आक्काने केलंय ना ते. आजोबांच्या आत्याने." मग हळूहळू बाकीचं आलं. आक्का म्हणजे लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली मुलगी. त्या काळच्या रीतीप्रमाणे डोक्यावरचे केस गेले, अंगावर आलवण आलं. पुढची पन्नासएक वर्षं ती याच वाड्यात राहिली. घरात हळदीकुंकू असलं की बायका लक्ष्मीला नमस्कार करून साडी किती सुरेख म्हणायच्या आणि आक्का तेव्हा मागच्या पडवीत असायची. ते रेशीम तिच्या स्वतःच्या लग्नातल्या शालूचं, असं आत्या तिच्या आईकडून ऐकत आली होती.

"आणि नाव? खरं नाव?" मी विचारलं.

"आक्काच म्हणायचे सगळे," आत्या म्हणाली.

आमच्या घराण्याची छापील वंशावळ आहे. तिच्यात पणजोबांचे सगळे भाऊ आहेत, आक्का नाही. मुली त्यात घेतलेल्याच नाहीत.

नाव सापडलं ते भलतीकडेच. रीडेव्हलपमेंटसाठी वकिलांनी जुने कागद मागितले होते. त्यातल्या एका मोडी वाटणीपत्राचं लिप्यंतर करून घ्यावं लागलं. भावाभावांच्या वाटण्या, खण, विहिरीचं पाणी वगैरे सगळं झाल्यावर शेवटून दुसरं कलम होतं, की भगिनी अमुकअमुक हिने माडीवरील पूर्वेकडील खोलीत हयातीपर्यंत राहावे, कोणी हरकत करू नये. पूर्ण नाव, सासरच्या आडनावासकट. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. (नाव इथे लिहीत नाही. घरचं आहे, घरी लिहिलंय.)

यानंतर विकायचं की नाही यावर आमच्याकडे चांगलंच वाजलं. काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. टू-बीएचकेमध्ये एवढी मोठी चौकट कोण लावणार, रेशीम दरवर्षी विरतंय, एखाद्या संग्राहकाकडे निदान नीट तरी राहील. माझ्या चुलतबहिणीचं म्हणणं साधं होतं. त्या बाईला या घराने एक खोली दिली होती, तीही आता पाडणार. मग भिंत तरी द्या. दोन रविवार वाद चालला. सध्या लक्ष्मी बहिणीकडे हडपसरला आहे, उन्हापासून लांबच्या भिंतीवर. काका अजून थोडे नाराज आहेत, पण दिवाळीला आले होते.

मला स्वतःला या सगळ्यात एक गोष्ट खटकत राहिली. छापखान्याचा सगळा इतिहास मिळतो. चित्रकाराचं जन्मसाल, छापखाना कधी हलला, कोणाला विकला, सगळं. दगडावर चुण्या काढणाऱ्यांची नावं जवळजवळ नाहीतच. आणि त्या चुण्यांवर आपला शालू शिवणाऱ्या बाईचं नाव तिच्या स्वतःच्या घरात, चार पिढ्यांत, कोणी विचारलं नव्हतं. ते विचारलं एका खरेदीदाराने, भाव ठरवण्यासाठी.

तेव्हा मंडळी, काम सोपं आहे आणि एका वीकेंडचं आहे. घरात असं काही असेल, नेसवलेलं चित्र, आजीची गोधडी, मण्यांचं तोरण, रुखवतातलं काहीही, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की हे कोणी केलं, कधी, कापड कुठलं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. मागच्या बाजूचाही फोटो काढा, टाके मागूनच कळतात. चित्र असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, काच कापडाला चिकटू देऊ नका, कसर लागली आहे का ते वर्षातून एकदा बघा. आणि मागे, चौकटीच्या फळीवर, साध्या पेन्सिलीने करणारीचं पूर्ण नाव लिहा. 'आक्का', 'माई', 'काकू' नको. पूर्ण नाव.

नाव सापडत नसेल तर जुने दस्तऐवज चाळा. आमच्याकडे ते शेवटून दुसऱ्या कलमात होतं.