स्वयंपाकघराचे सारवण व साफसफाई (भंडारा जिल्हा)

स्वयंपाकघराचे सारवण व साफसफाई म्हणजे चूल, ओटा, भिंती व जमीन यांची घरच्या घरी बांधणी किंवा दुरुस्ती झाल्यानंतर केली जाणारी अखेरची कामे होत. त्यांत लिंपण, सारवण, चुन्याचा हात, फरशीचे सांधे भरणे, सिमेंटचे डाग काढणे, भांडी उजळणे आणि चूल अथवा शेगडी पुन्हा मांडणे यांचा समावेश होतो. महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात मातीच्या घरांची जुनी पद्धत आणि सिमेंटच्या घरांची नवी पद्धत शेजारी शेजारी आढळतात. त्यामुळे या कामांची दोन्ही रूपे येथे पाहावयास मिळतात.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा वैनगंगा नदीच्या खोऱ्यात वसला असून भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे त्याचे सात तालुके आहेत. १ मे १९९९ रोजी या जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ इतकी होती. धान हे येथील मुख्य पीक आहे. जिल्ह्यातील असंख्य तलावांमुळे त्याला तलावांचा जिल्हा, तर भांड्यांच्या उद्योगामुळे भंडारा शहराला पितळनगरी म्हटले जाते.

घराच्या डागडुजीचे वेळापत्रक या भागात शेतीच्या कामांशी जुळलेले असते. पावसाळ्यापूर्वी, शेत रिकामे असताना कवेलू परतणे, भिंतींची पोकळ माती काढून नवी लावणे, चूल नव्याने घालणे ही मोठी कामे उरकली जातात. वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ओल धरलेली भिंत वेळीच न लिंपल्यास ती पावसात ढासळण्याचा धोका असतो. दुसरी फेरी दिवाळीपूर्वी होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीतील गावोगावी मंडई भरते, लेकी-जावई व पाहुणे घरी येतात. त्याआधी स्वयंपाकघराला चुन्याचा हात देण्याची व जमीन सारवण्याची प्रथा आहे.

साहित्य

पारंपरिक कामासाठी लागणारे बहुतेक साहित्य गावातच मिळते.

माती: चिकण माती एकटी वापरल्यास वाळताना आकसते व तडे जातात, तर रेताड माती धरून राहत नाही. म्हणून दोन्हींचे मिश्रण केले जाते. तलावातील गाळाची माती त्यासाठी उपयोगी पडते.

तणस व तूस: धानाचे बारीक तोडलेले तणस किंवा तूस मातीत कालवल्याने गारा घट्ट बांधला जातो व भेगा कमी पडतात. तणस मातीत भिजवून काही दिवस मुरू दिल्यास गारा अधिक चिवट होतो.

शेण: शेणातील न पचलेले तंतू मातीचा वरचा थर बांधून ठेवतात, त्यामुळे जमिनीची धूळ उडत नाही.

चुना: कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर मोठी उष्णता निर्माण होते व विरलेला चुना मिळतो. भिंतीला लावल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. पांढरेपणा खुलावा म्हणून त्यात थोडी नीळ, तर चिकटपणासाठी डिंक घातला जातो.

पारंपरिक कृती

काम नेहमी वरून खाली केले जाते. आधी छताची जळमटे व काजळी, मग भिंती, त्यानंतर चूल आणि शेवटी जमीन, असा क्रम असतो. क्रम उलटा झाल्यास सारवलेल्या जमिनीवर काजळी पडून काम दुप्पट होते.

भिंतीवरील काजळीचा तेलकट थर खरवडून काढल्याशिवाय नवे लिंपण धरत नाही. सैल झालेली माती काढून भिंत पाण्याने ओली केली जाते, कारण कोरडी भिंत गाऱ्यातील पाणी झपाट्याने शोषून घेते आणि लिंपण सुटते. जाड थर एकदम देण्याऐवजी दोन पातळ थर देतात. पहिला थर आवळत आल्यावर दुसरा थर हाताने गुळगुळीत केला जातो. लिंपण पूर्ण वाळल्यानंतरच चुन्याचा हात दिला जातो.

नवी चूल सावलीत सावकाश वाळू दिली जाते. वाळताना पडलेल्या भेगा पातळ गाऱ्याने बुजवल्या जातात. चूल पुरती वाळण्यापूर्वी मोठा जाळ केल्यास आतील पाण्याची वाफ होऊन ती तडकते, म्हणून प्रथम थोडा वेळ मंद जाळ करून चूल तापवली जाते. त्यानंतर तिला पोतेरे दिले जाते. पातळ कालवलेल्या मातीत बुडवलेला कापडाचा बोळा चुलीवरून व वैलावरून फिरवणे म्हणजे पोतेरे होय. हे काम पुढे रोजच्या रोज, बहुधा सकाळी जाळ करण्यापूर्वी केले जाते.

जमीन सारवण्यापूर्वी खड्डे माती व मुरुमाने भरून चोपणीने ठोकले जातात. शेण, माती व पाणी यांचा काला करून हाताने अर्धगोलाकार फटकारे मारीत मागे मागे सरकत जमीन सारवली जाते. सारवणाची सुरुवात दारापासून दूरच्या कोपऱ्यातून होते, जेणेकरून ओल्या सारवणावर पाय पडत नाही.

सिमेंटच्या स्वयंपाकघरातील कामे

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरवण्यात आले असून त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठीच्या जागेचा समावेश आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदार नेमू नये, असे या योजनेचे तत्त्व आहे. त्यामुळे गवंड्याचे मुख्य काम संपल्यावर उरलेली अखेरची कामे अनेकदा घरातील माणसांच्याच वाट्याला येतात.

सिमेंटच्या गिलाव्याला व ओट्याला किमान सात दिवस पाणी मारावे लागते. सिमेंट केवळ वाळून नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने कठीण होते. पाणी मारण्यात कसूर झाल्यास पृष्ठभाग भुसभुशीत राहतो व त्याची पूड निघत राहते.

भिंतीवरील टाइल्स बसवल्यावर साधारण एक दिवस थांबून सांधे भरले जातात. सांध्यांत पांढरे सिमेंट किंवा तयार मिश्रण दाबून भरल्यावर ते आवळू लागताच ओलसर स्पंजाने पुसले जाते व शेवटी कोरडे सुती कापड फिरवले जाते. पुसण्यास फार उशीर झाल्यास टाइल्सवर सिमेंटचा धुरकट थर घट्ट बसतो.

हा थर काढण्यासाठी बाजारात मिळणारे आम्ल वापरण्याची रीत आहे. चकचकीत टाइल्सवर ते पुष्कळ पाणी घालून व थोड्या वेळापुरते वापरता येते. परंतु कडप्पा व कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड असल्याने आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो व कायमचे पांढरट डाग पडतात. लिंबू व व्हिनेगर यांचाही त्यांच्यावर असाच परिणाम होतो. अशा दगडांवरील सिमेंट लाकडी पट्टीने खरवडून साबणाच्या पाण्याने धुणे योग्य ठरते.

भांड्यांची सफाई

डागडुजीच्या काळात बाहेर काढलेली भांडी परत मांडणीवर लावण्यापूर्वी घासली जातात. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. हवेमुळे त्यावर चढलेला काळपट थर चिंचेतील आम्लाने विरघळतो. तेलकटपणा राखेने निघतो, कारण लाकडाची राख अल्कधर्मी असते. चिंचेने घासलेले भांडे लगेच धुऊन कोरडे न केल्यास ते पुन्हा डागाळते.

पितळेच्या भांड्यात ताक, आमटी यांसारखे आंबट पदार्थ ठेवल्यास ते कळकतात, म्हणजे तांब्याचे क्षार उतरून विषारी होतात. हे टाळण्यासाठी भांड्याला आतून कल्हई केली जाते. भांडे तापवून नवसागराने स्वच्छ करतात व त्यावर वितळलेल्या कथिलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने फिरवतात. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कल्हई केलेले रिकामे भांडे जाळावर राहिल्यास थर खराब होतो. चिंच किंवा राखेने जोर लावून घासल्यानेही कल्हई झिजते, म्हणून आतील बाजू हलक्या हाताने धुतली जाते.

आरोग्य व सुरक्षितता

सारवणासाठी वापरले जाणारे शेण जंतुनाशक असते असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात जनावरांच्या शेणात व मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. हाताला जखम असताना सारवण करणे धोक्याचे असून सारवणानंतर स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे आवश्यक ठरते. नवजात बालकाच्या नाळेशी शेण वा मातीचा संपर्क होऊ देऊ नये.

कळीचा चुना भिजवताना उडालेला थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी लागते. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. म्हणून एकाच साफसफाईत मोरीला ब्लीचिंग पावडर व फरशीला आम्ल असा वापर घातक ठरतो.

गॅसची शेगडी पुन्हा जोडताना सिलिंडर जमिनीवर उभा व शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी लागते. गळती साबणाच्या फेसाने तपासली जाते, काडी पेटवून कधीही नव्हे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे खिडकीबरोबरच खालच्या बाजूनेही हवा खेळती असणे महत्त्वाचे आहे.

चुलीचा धूर हा सर्वांत मोठा धोका मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती वायुप्रदूषणामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. विदर्भात धूर कमी करण्याचा विचार जुना आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्यातील मगनवाडी येथे धुराडे असलेली मगन चूल विकसित झाली. केंद्र सरकारने १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू करून गरीब कुटुंबांतील महिलांच्या नावे गॅसजोडण्या दिल्या. गॅसजोडणी असतानाही सिलिंडरच्या खर्चामुळे चूल कायम ठेवणारी कुटुंबे आहेत. नव्या स्वयंपाकघरात चुलीसाठी धुराडे किंवा वर झरोका न ठेवल्यास पक्क्या भिंती व स्लॅबमुळे धूर अधिकच कोंडतो. कवेलूंच्या फटींतून मात्र तो काही प्रमाणात बाहेर पडत असे.

श्रम व सामाजिक बाजू

चूल घालणे, लिंपणे, सारवणे व पोतेरे देणे ही कामे परंपरेने स्त्रियांची मानली गेली. घराच्या बांधणीतील कुशल काम असूनही त्याची गणना मजुरीत होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार देशात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. या कामात सहभागी असलेल्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के व पुरुषांत २६.१ टक्के होते.

फरशी व ओट्यामुळे रोजच्या पोतेऱ्याचे आणि वारंवार करावयाच्या सारवणाचे कष्ट कमी होतात, वाकून व उकिडवे बसून काम करण्याची गरजही घटते. दुसरीकडे माती दुरुस्त करण्याचे कौशल्य घरातच उपलब्ध असते, तर तडकलेली फरशी बदलण्यासाठी पैसा व कारागीर दोन्ही लागतात. घरात सिमेंटची फरशी आणि मागच्या बाजूच्या सांदवाडीत मातीची चूल, अशी मांडणी या दोन्ही पद्धतींचा मेळ घालते. त्या चुलीला आजही पोतेरे दिले जाते.

हे सुद्धा पहा

भंडारा जिल्हा
चूल
कल्हई
झाडीपट्टी
प्रधानमंत्री उज्ज्वला योजना