माळढोक, माळ आणि विजेची तार

सध्या गावोगाव सौर प्रकल्पासाठी जागा बघणं चालू आहे. म्हणून आज माळाचा थोडा इतिहास लिहितो.

इंग्रजांच्या महसुली दप्तरात सारा देईल ती जमीन कामाची, बाकीची पडीक. तो शब्द कागदावर बसला तो बसलाच. खरं तर आपल्या सोलापूर-नगरच्या माळावर पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं होती. त्यावर मेंढरं, काळवीट, लांडगा आणि माळढोक सगळी नांदायची.

१९७९ साली नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं, बागायती, रस्ते, सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार आणि कामं अडकायला लागली. शेतकऱ्याला पक्षी नकोसा झाला, कारण पक्षी म्हणजे सातबाऱ्यावर टाच. तिकडं १९८० ला उजनी धरण पुरं झालं, पाणी पोचलं तिथला माळ नांगराखाली गेला. पुढं अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळढोक जवळपास गेलाच होता. आता नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते.

देशात हा पक्षी साधारण दीडशेच्या आसपास उरलाय, तोही बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. तिथं ऊन आणि वारा दोन्ही भरपूर, म्हणून सौर आणि पवनऊर्जा मोठ्या प्रमाणात आली. आपल्या देवराईसारखी त्यांची 'ओरण' असतात, देवाच्या नावानं राखलेली चराऊ रानं. त्यातली कित्येक कागदावर पडीकच. कागद बघून प्रकल्पाला जमिनी दिल्या गेल्या.

माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे बाजूला असल्यानं समोरची तार उशिरा दिसते, आणि दिसली तरी एवढं वजन झटकन वळत नाही. थरमध्ये वर्षाला अठरा माळढोक तारांना धडकून मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. हिशोब तुम्हीच करा.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. ते क्षेत्र सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर होतं. एवढ्यात ते जमणार नाही, असं सरकारनं मांडलं. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं तो सरसकट आदेश बदलला आणि मुख्य अधिवासाच्या साडेतेरा हजारांवर चौरस किलोमीटरसाठी तज्ज्ञांची समिती नेमली.

दोन्हीकडं गोष्ट एकच. आधी अवाढव्य रेघ मारली, मग ती मागं घेतली. मधल्या काळात नुकसान पक्ष्याचं आणि माणसाचंही. नेमकी छोटी जागा आधीच, तिथं गुरं चारणाऱ्याला विचारून ठरवली असती तर प्रकल्प बाजूला बसला असता आणि माळही राहिला असता.

वीज मलाही हवी आहे. रात्री दोनला मोटर चालू करायला जाताना पायाखाली काय येईल सांगता येत नाही. सौर कृषी वाहिनीची दिवसाची वीज आपल्याच फायद्याची. पण जागा कागदावर 'पडीक' म्हणून निवडू नका. गुजरातेत चंद्रासणला २०१२ मध्ये कालव्यावरच पॅनल बसवले, जमीन गेली नाही.

गायरानाचा विषय ग्रामसभेत आला तर आधी मेंढपाळाला बोलवा. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा तो माळ पायी फिरा, मगच ठरावावर सही करा.