संपाचा सहावा महिना

सप्टेंबर १९२८ संपत आलाय. परळच्या पोयबावडीला रस्ताभर चिखल आहे आणि तुम्हाला सकाळपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. भोंगा वाजलेला नाही. एप्रिलच्या मध्यापासून तो वाजत नाही. सुमारे दीड लाख गिरणी कामगार बाहेर आहेत. कोकणातले बरेच जण पावसाळ्याआधीच बोटीनं गावी गेले, घाटावरचेही गेले. तुम्ही राहिलात.

तुम्ही साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, आहात; साताऱ्याकडचे. दोन साचे सांभाळत होता. वर्षाच्या सुरुवातीला ससूनच्या गिरण्यांत दोनाचे तीन साचे करायला सांगितलं, तेव्हाच तुम्हाला हिशेब कळला होता. तिघांचं काम आता दोघं करणार, उरलेला तिसरा माणूस तुमचा भाऊ किंवा मेव्हणा असणार. वर विणकरांच्या मजुरीत साडेसात टक्के कपात. खानावळवाल्या मावशी अजून ताट लावतात, पण आमटी दिवसेंदिवस पातळ होत चाललीय.

"दादा, वाण्यानं माझंही खातं बंद केलं हो," एवढंच त्या म्हणतात. पैसे मागत नाहीत. ते जास्त लागतं.

संध्याकाळी नागू सयाजीच्या वाडीत सभा आहे. बोलणारे डांगे अजून तिशीचेही नाहीत. कम्युनिस्टांवरच्या कानपूर खटल्याची सजा भोगून गेल्याच वर्षी सुटलेत. लाल बावटा, मालक आणि मजूर, राज्य कुणाचं. ऐकताना पोटातली भूक अपमान न राहता लढाई होते. हे सामर्थ्य खरं आहे, त्याला कमी लेखू नका. सहा महिने रिकाम्या हंड्यावर माणसं नुसत्या मजुरीच्या आकड्यासाठी टिकत नाहीत.

पण ज्या धान्यवाटपाच्या रांगेत तुम्ही उद्या उभे राहणार आहात, तिच्यामागे ना. म. जोशीही आहेत. भारतसेवक समाजाचे, सोशल सर्व्हिस लीगचे, १९१९ च्या वॉशिंग्टनच्या मजूर परिषदेला गेलेले. सार्वत्रिक संप त्यांना सुरुवातीला नकोच होता. लाल बावटेवाले त्यांना मवाळ म्हणत. तरी संप पसरल्यावर दोघं एका संयुक्त समितीत बसले आणि सतरा मागण्या मांडल्या. परदेशच्या मजूर संघटनांची मदत आली, रशियातून पैसा आला. माझ्या मते या संपाची ताकद त्या एका टेबलात होती. जोशींना मालकांशी कलमवार भांडता येत होतं. डांग्यांमुळे मालकांना ते ऐकून घ्यावं लागत होतं.

त्या टेबलावर एक गोष्ट मात्र कुणी आपणहून ठेवली नव्हती.

साचा आठवा. कांडी संपली की धोट्यात नवी भरायची, भोकाला ओठ लावायचे आणि सूत श्वासानं ओढून घ्यायचं. कापसाची पूड घशात जाते. तुमच्या ओठांचा धोटा तुमच्यानंतर दुसऱ्याच्या ओठांना. विटाळ नको म्हणून महारांना साचेखात्यात घेत नाहीत. त्यांनी सूतकताईच्या त्रासनखात्यात कमी पगारावर राबायचं. हे मालकानं ठरवलं नाही. तुम्ही ठरवलंत, लाल बावटा खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या तुम्ही.

दामोदर हॉलमधल्या कचेरीतून बॅरिस्टर आंबेडकर अट घालतात: अस्पृश्यांना सगळी खाती खुली करण्याची मागणी करा, नाहीतर मी माझ्या माणसांना संपात राहू नका म्हणून सांगेन. पुढारी नाखुशीनं ती मागणी घेतात. मालक हात झटकतात, हा अन्याय आमचा नव्हे म्हणतात, आणि या एका बाबतीत ते खोटं बोलत नसतात. वर्गाच्या एकीचं तत्त्व सांगणाऱ्यांना ते आपल्याच खात्यात लागू करायला बाहेरच्या माणसाच्या धमकीची गरज पडली. आंबेडकरांवर फूट पाडल्याचा ठपका ठेवणारे तुम्हाला पुढेही भेटतील. फूट त्या धोट्यावर आधीच होती.

४ ऑक्टोबरला तडजोड होते. न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती चौकशी करणार, तोवर कामावर जायचं. लाल बावटेवाल्यांची गिरणी कामगार युनियन फुगत जाते. वर्षअखेर सभासद ५४,००० च्या घरात. इतकी माणसं मागे असली की टेबलाची गरज वाटेनाशी होते.

२० मार्च १९२९ ला डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांना धरून कटाच्या खटल्यासाठी मेरठला नेतात. एप्रिलअखेर मागे राहिलेले पुन्हा सार्वत्रिक संप पुकारतात. या वेळी जोशींची युनियन बाजूला राहते. कर्जात बुडालेल्या माणसांना पुन्हा उपाशी मारू नका, म्हणत आंबेडकर उघड विरोध करतात. तुम्ही बाहेर पडता, कारण शब्द दिलाय. काही महिन्यांत संप मोडतो, तुमच्या जागेवर दुसरा माणूस उभा असतो आणि युनियनच्या वहीतली नावं झपाट्यानं गळतात.

औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि डांगे कामगार मैदानावर एका व्यासपीठावर येतात ती तारीख ७ नोव्हेंबर १९३८. मधल्या दहा वर्षांची किंमत गिरणगावानं मोजली.