आणेवारीची नजर

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात तलाठी होतो. आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला ट्रॅक्टर फिरवून पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात, त्याच सुमारास वऱ्हाडाची अंतिम पैसेवारी लागायची. खरीप केव्हाच घरात आलेला, किंवा न आलेला.

आणेवारी इंग्रजी अमलातली. भरलं पीक सोळा आणे धरायचं, यंदाचं त्यात किती आणे ते महसुली माणसानं बांधावरून पाहून सांगायचं. शेतसाऱ्याची सूट त्यावर ठरे, म्हणून नजर जरा चढीच पडे. पुढं आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली, पन्नास पैशांच्या आत आलेलं गाव टंचाईचं ठरलं.

नजरेऐवजी मोजून पाहण्याचं शास्त्र काही लांब नव्हतं. १९४०च्या दशकात व्ही. जी. पानसे यांनी शेजारच्याच अकोला जिल्ह्यात कपाशीच्या नमुना-कापणीची पाहणी केली. पांडुरंग सुखात्म्यांनी गहू-भातावर तेच काम केलं. त्यातून आलेला पीक कापणी प्रयोग मी नोकरीभर केला. शेत चिठ्ठीनं निघे. नैऋत्य कोपऱ्यातून नेमून दिलेल्या आकड्याबरहुकूम पावलं मोजायची, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आतलं तेवढंच कापून, मळून तोलायचं. शेतकरी म्हणायचा, “साहेब, हाच तुकडा काऊन घेता? तिकडे पाहा ना, काहीच नाही!” पण तुकडा बदलला की प्रयोग बुडाला.

मोजणी सुधारली, वेळ नाही. पीक कापल्याशिवाय आकडा नाही, आकड्याशिवाय दुष्काळ नाही. तोवर मजूर पुण्या-सुरतेला गेलेला असे.

२०१६च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वराज अभियानाच्या याचिकेवर या दिरंगाईबद्दल सुनावलं. डिसेंबरात केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली, २०१७मध्ये महाराष्ट्रानं ती घेतली. आता पावसाची तूट, उपग्रहानं टिपलेली पिकाची हिरवाई आणि जमिनीतली ओल आधी बघतात, मग निवडक गावांत पडताळणी. २०१८ला १५१ तालुक्यांचा दुष्काळ ३१ ऑक्टोबरलाच जाहीर झाला. एवढी घाई सरकारला झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

नवी चाळणी बारीक आहे, पण तालुक्याच्या शिवेवर येऊन अडते. २०२३च्या ४० तालुक्यांत आपल्या जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार बसले; लोणारला लागून असलेला मेहकर नाही. पाऊस काही तालुक्याची हद्द बघून पडत नाही.

उपग्रह असला तरी गावातली कापणी अजून होतेच, पीकविम्याचं गणितही बरंचसं तिच्यावर चालतं. तेव्हा प्रयोगाची तारीख तलाठ्याला, कृषी सहायकाला आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी काट्यापाशी हजर राहा.