मोटारीची स्मृती आणि तिचा जीर्णोद्धार

यंत्राच्या इतिहासाचे साधन कोणते, या प्रश्नाचे उत्तर वाफेच्या इंजिनाच्या अभ्यासकाला फारसे अवघड नव्हते. लोखंड, पितळ आणि आराखडे एवढे हाती आले म्हणजे यंत्राची रचना व चाल ही दोन्ही उलगडत. १९८० नंतरच्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या बाबतीत मात्र हे उत्तर अपुरे पडते. अशा मोटारीचे इंजिन सर्वांगी शाबूत असूनही ती सुरू होत नाही, आणि दोष सापडतो तो पत्र्याच्या एका चपट्या पेटीत. ही पेटी म्हणजे इंजिनाचा संगणक होय. तिची दुरुस्ती हा निव्वळ कारागिरीचा विषय नसून ऐतिहासिक साधनाच्या जतनाचाही विषय आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादावयाचे आहे.

ही पेटी मोटारीत आली ती केवळ वेगाच्या हौसेपोटी नव्हे. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ साली विद्युत्-नियंत्रित इंधन-फवारणीची योजना जाहीर केली व क्रायस्लरने १९५८ च्या थोड्या मोटारींना ती बसविली. परंतु त्या काळचे सुटे भाग मोटारीतील परिस्थितीत टिकले नाहीत आणि बहुतेक मोटारींना पुन्हा कार्ब्युरेटर लावावा लागला. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये हीच कल्पना फोक्सवागन १६०० या मोटारीत यशस्वी केली. पुढे १९७० च्या अमेरिकी शुद्ध हवा अधिनियमाने धुरावर कठोर मर्यादा घातल्या. धूर निर्दोष करणाऱ्या त्रिविध उत्प्रेरकाचे कार्य नीट चालावयाचे तर वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत राखावे लागते, आणि ते साध्या कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. १९७९ मध्ये बी.एम.डब्ल्यू. ७३२ आय या मोटारीत बॉशच्या मोट्रॉनिक पद्धतीने इंधन व ठिणगी ही दोन्ही एकाच अंकीय संगणकाच्या स्वाधीन केली. दशकभरात ही रीत सर्वत्र रूढ झाली.

या संगणकांना वार्धक्य कसे येते, याचे उत्तम उदाहरण मित्सुबिशी कंपनीच्या इक्लिप्स व जी.टी.ओ. या, अनुक्रमे १९८९ व १९९० साली अवतरलेल्या मोटारींत मिळते. त्यांच्या संगणकांत मुख्य गणक सहसा बिघडत नाही. बिघडतात ते सर्वांत स्वस्त भाग, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. या कॅपॅसिटरात ॲल्युमिनियमचे वर्ख व द्रावात भिजविलेला कागद गुंडाळलेला असून तळाशी रबरी बूच असते. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. कालांतराने बूच शिथिल होते, द्राव झिरपतो आणि सर्किट बोर्डावरील तांब्याच्या बारीक पट्ट्या कुरतडतो. मग मोटार कधी सुरू होते, कधी होत नाही; संथ चालीत गचके देते; क्वचित मुळीच दाद देत नाही. पेटी उघडताच येणारा माशासारखा वास हे या विकाराचे लक्षण दुरुस्तीकारांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

उपाय सांगावयास सोपा, करावयास जिकिरीचा आहे. बोर्डावरील संरक्षक लेप खरवडावयाचा, जुना डाख वितळवून कॅपॅसिटर काढावयाचे, द्रावाचा अंश अल्कोहोलने धुवावयाचा, तुटलेली पट्टी बारीक तारेने सांधावयाची, आणि मगच नवे कॅपॅसिटर बसवावयाचे. धुण्याची पायरी गाळली तर नव्या भागाखाली जुना क्षय चालूच राहतो.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न पुढेच आहे. दरवाजाची मूठ वा पिस्टन नमुन्यावरून पुन्हा घडविता येतो. टोयोटा कंपनीने २०२० पासून जुन्या सुप्रा मोटारींचे काही भाग असे पुन्हा तयार करावयास घेतले. संगणकातील आज्ञावली मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. किती वेगाला किती इंधन द्यावयाचे व ठिणगी केव्हा पाडावयाची, यांची कोष्टके तिच्यात असतात. धुराचा कायदा, पेट्रोलचा दर्जा व अभियंत्यांनी केलेली तडजोड यांचा तो लेखी पुरावाच होय. काही संगणकांत ही कोष्टके ई-प्रॉम नामक चकतीत विद्युत्‌भाराच्या रूपाने साठविलेली असतात, आणि हा भार दशकांच्या ओघात क्षीण होऊ शकतो. म्हणून जाणता दुरुस्तीकार प्रथम आज्ञावली वाचून तिची नक्कल ठेवतो व ती त्याच जातीच्या दुसऱ्या पेटीतील नकलेशी ताडून पाहतो. ही एका अर्थाने पाठचिकित्साच आहे. जुनी पेटी फेकून तिच्या जागी आधुनिक संगणक बसविल्यास मोटार धावेल, कदाचित अधिक चांगली धावेल. परंतु ती १९९० ची साक्षीदार उरणार नाही.

हा पाठ वाचण्याचा अधिकार कोणाचा, हाही वाद झाला. अमेरिकेत प्रताधिकाराच्या कायद्यातून मोटारीच्या दुरुस्तीपुरती सूट २०१५ साली मंजूर झाली व ती वर्षभराने अंमलात आली. अधिकाराइतकीच वाचनसाधनांचीही अडचण असते. १९९२ ते १९९८ या काळात एकूण १०६ निर्माण झालेल्या मॅक्लारेन एफ १ मोटारींच्या देखभालीसाठी कंपनीला २०१६ मध्येही कॉम्पॅकचा १९९० च्या दशकातील लॅपटॉप संगणक सांभाळावा लागत होता. कारण मोटारीशी संवाद साधणारे खास कार्ड त्याच यंत्रात चाले.

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. अशा मोटारीचा देह पॉलिश करून संग्रहालयात ठेवणे म्हणजे ग्रंथाची बांधणी जपून पाने वाळवीच्या हवाली करणे होय. न चालविलेल्या मोटारीतील कॅपॅसिटरही जुने होतात; किंबहुना तिच्यातील दोष अधिक काळ अज्ञात राहतो. यास्तव संग्राहकांनी पेटी वेळीच उघडावी, आज्ञावलीची नक्कल करून ठेवावी व प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवावी. कोणता भाग मूळचा व कोणता मागाहून बसविलेला, हे पुढील अभ्यासकाला त्या नोंदीवरूनच कळणार आहे.